पंधरा दिवसांची कॅप, तिचा दम किती?

शनिवारची सकाळ. पुण्याहून रात्रीची गाडी पकडून तुम्ही कबनूरला घरी पोचलात. बाहेर लूमची खटखट चालूच आहे. "हात धू आणि बस, भडंग केलंय," आई म्हणते. पहिला घास तोंडात, दाढेखाली अख्खा शेंगदाणा, आणि एकदम ब्रेक! परवाच रूट कॅनाल झालंय, दाढेवर टेंपररी कॅप आहे. डॉक्टर म्हणाले होते, "जरा जपून." पण जपून म्हणजे किती?

कॅप असते कशाची?

बहुतेक वेळा दोनपैकी एका मटेरियलची. पहिलं पीएमएमए, म्हणजे आपलं अॅक्रिलिक. स्वस्त आणि चिवट. पण घट्ट होताना ते तापतं आणि आकसतं. दुसरं बिस-अॅक्रिल. बंदुकीसारख्या यंत्रातून थेट साच्यात भरायचं, काही मिनिटांत कॅप तयार. ते कमी तापतं, कमी आकसतं, पण जास्त ठिसूळ असतं. हल्ली कारखान्यात घट्ट केलेल्या अॅक्रिलिकच्या ठोकळ्यातून मशीनवर कॅप कोरूनही देतात. तिच्यात हवेचे बुडबुडे कमी, म्हणून ती जास्त टिकते.

ताकद मोजायची रीत सोपी आहे. २५ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड पट्टी दोन टेकूंवर ठेवायची आणि मधोमध मोडेपर्यंत दाबायची. टेंपररी मटेरियल्स साधारण ६० ते १२० मेगापास्कलच्या आसपास मोडतात. पक्क्या कॅपचं पारंपरिक झिर्कोनिया ९०० च्याही पुढे जातं. फरक कळला ना?

आणखी एक गोष्ट. कॅप बसवल्या बसवल्या तिची पूर्ण ताकद आलेली नसते. ती पुढच्या काही तासांत वाढत जाते. त्यामुळे क्लिनिकमधून थेट मिसळीच्या गाडीवर जाणं म्हणजे ओल्या स्लॅबवर नाचणं!

ब्रिज असेल तर डबल टेन्शन

एका कॅपचं निभावून जातं. खरी परीक्षा ब्रिजची. मधला दात नाही, आधार फक्त दोन टोकांना. इथे साधं गणित आहे: जाडी तीच ठेवून अंतर दुप्पट झालं, तर तेवढ्याच दाबाला ब्रिज आठपट वाकतो. जाडी निम्मी केली तरी आठपटच! म्हणून दातांमधला जोड बारीक, नाजूक केला की दिसतो छान, पण तडा तिथूनच जातो.

यावरचा फंडा कबनूरकरांना लगेच पटेल: धागा! लांब ब्रिजमध्ये काचतंतू रेझिनमध्ये भिजवून घालतात. चावताना ब्रिजची हिरडीकडची बाजू ताणली जाते, म्हणून धागा तिकडे हवा. स्लॅबची सळई खालच्या अंगाला टाकतात ना, अगदी तसंच.

तुटली तर बिघडलं काय?

बरंच काही. आधीच पोखरलेला दात उघडा पडतो, किंवा चिरतो. शेजारचे दात सरकतात, समोरचा लांबतो. मग लॅबमधून आलेली पक्की कॅप बसतच नाही. परत माप, परत खर्च, परत हाफ डे. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे "दुखत नाहीये की" म्हणत पक्की कॅप पुढे ढकलत राहणं. हा पाहुणा कायमचा राहायला आलेला नाही.

एवढं सांभाळा!

- ऊस, बर्फ, चिक्की, च्युइंगगम बंद. जेवण दुसऱ्या बाजूने.
- चहा-कॉफी आणि हळदीचे डाग बिस-अॅक्रिलवर पटकन चढतात. मीटिंग असेल तर लक्षात ठेवा.
- फ्लॉस वर ओढू नका, बाजूने सरकवून काढा.
- रात्री दात खात असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा.
- कॅप निघाली तर तुकडा जपून ठेवा आणि फोन करा. फेव्हिक्विक? चुकूनही नाही!

आणि भडंग? डब्यात भरून घ्या. पक्की कॅप बसली की ऑफिसात सगळ्यांना वाटून खा.