शुक्रवारची कहाणी

श्रावणात व्रताच्या दिवशी सांगितली जाणारी कथा, म्हणजे ‘कहाणी’, हातात अक्षता घेऊन ऐकण्याचा प्रघात असून, छापील पुस्तिका घरोघरी येण्यापूर्वी ती आजी, सासू किंवा थोरल्या जावेकडून पुढच्या पिढीकडे प्रामुख्याने तोंडीच जात असे. शुक्रवारच्या एका कहाणीत भाऊ गरीब बहिणीला सहस्रभोजनाच्या, म्हणजे हजार पानांच्या, पंगतीतून हात धरून उठवतो. पुढे देवीच्या व्रताने तिला संपन्नता येताच तोच तिला आग्रहाने जेवायला बोलावतो, तेव्हा ती अंगावरचे दागिने काढून पाटावर मांडते आणि एकेक पक्वान्न त्यांच्यावर ठेवते, कारण आमंत्रण दागिन्यांना आहे हे तिने ओळखलेले असते. माहेरच्या वागणुकीविषयीचा रोष सासरच्या देवघरात उच्चारण्याची मुभा या कथेने सुनांना दिली, आणि तिचे खरे सामर्थ्य व्रतमाहात्म्यापेक्षा याच प्रसंगात आहे. (त्याच माहेरच्या वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी कायदादुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाली, तीही त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळून.)