चोवीस आऱ्यांची घडी

१४ ऑगस्ट, सकाळचे साडेअकरा. नांदेड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत, चौथीच्या वर्गात मी मागच्या भिंतीला टेकून बसलो आहे. बाहेर भुरभुर पाऊस. फळ्यावर रंगीत खडूंनी तिरंगा काढला आहे, पण पांढऱ्या पट्ट्यातली चक्राची जागा बाईंनी मुद्दाम रिकामी ठेवली आहे.

"चक्राला आरे किती?"

"चोवीऽऽस!"

"मग काढा."

माझ्यापुढची मुलगी आठ आरे झोकात ओढते आणि उरलेले मधल्या जागेत कोंबत सुटते. मोजते. एकोणीस. खोडते. शेजाऱ्याचे सत्तावीस झालेत. चोवीस हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ आहे, हाताला मात्र तो अजून ठाऊक नाही.

बाई रागावत नाहीत. वाटी ठेवून कापलेले कागदाचे गोल त्या वाटतात. "अर्धा दुमडा. परत अर्धा. परत एकदा. उघडा, मोजा." आठ भाग. "आता होती तशी घडी घाला आणि तिचे तीन सारखे भाग करा." ही शेवटची घडी अवघड. कागद जाड झालेला, बोटांना दाद देत नाही. मुलगी जीभ दाताखाली धरते, नखाने कड दाबत नेते. मग गोल उलगडते, एकेका घडीवर बोट ठेवत पुटपुटते आणि चोविसाव्या घडीवर थांबून बाईंकडे बघते. आता कोणी काही सांगायची गरज उरलेली नाही. निळं पेन घेऊन ती घड्या गिरवू लागते.

तेवढ्यात एक मुलगा रुपयाचं नाणं डोळ्यांजवळ नेतो. "बाई, शेर तीनच हायेत. चौथा कुठंय?"

बाई चौघांना पाठीला पाठ लावून उभं करतात आणि त्याला म्हणतात, "फेरी मार." तो फिरतो. कोणाच्याही समोरून पाहिलं तरी तीनच तोंडं, आणि लपलेला गडी दर वेळी वेगळा. मग त्या सारनाथच्या अशोकस्तंभाचं चित्र दाखवतात. २६ जानेवारी १९५० ला आपण हे शिल्प देशाची राजमुद्रा म्हणून घेतलं, हे सांगतात. सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर बैल दिसतो आणि वर्गात एकच गलका होतो, "पोळ्याचा बैल!" बाई हसून मान डोलावतात. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा दगड या पोरांच्या गोठ्यापर्यंत आला.

"१५ ऑगस्ट १९४७ ला आपल्या गावात झेंडा लागला होता का?" बाई विचारतात.

"होऽऽ!"

"नाही."

वर्ग गप्प होतो. तेव्हा इथे हैदराबादच्या निजामाचं राज्य होतं, तिरंगा लावायला बंदी होती, लावणाऱ्याला तुरुंग होता. हैदराबाद संस्थान भारतात आलं १७ सप्टेंबर १९४८ ला. देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी. बाई आवाज चढवत नाहीत, म्हणूनच पोरं कान देऊन ऐकतात. देशप्रेम शिकवायचं तर ते असं आपल्या वेशीपासून शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या घोषणांनी घसा बसतो.

पाऊस थांबतो. व्हरांड्यात टेबल मांडतात. उद्याचा झेंडा खादीचा आहे, नांदेडातच तयार झालेला. तो हाती घेण्याआधी मघाची मुलगी फ्रॉकला हात पुसते, तळवे उलटेपालटे करून बघते, पुन्हा पुसते. चौघी मिळून चार टोकं धरतात. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे जातो, मधे निळं चक्र तेवढं दिसत राहतं.

खांबाची जुनी दोरी कुजली होती, म्हणून शिपाईमामा नवी ओवतायत. ती उद्या लागणार आहे, आणि पुढच्या महिन्यात १७ सप्टेंबरलाही.