पोराच्या व्यसनावर उपचार : ठिकाण पारखून घ्या

बेणे घेताना आपण बेणेमळा फिरून बघतो, डोळा पारखतो. मग पोटच्या पोराला व्यसनमुक्तीला धाडताना नुसत्या जाहिरातीवर भिस्त कशाला?

पंधरा-सोळाचा पोरगा दारू, गांजाच्या नादी लागला की घरात मारहाण होते, नाहीतर लोकलाजेस्तव गोष्ट झाकली जाते. दोन्हींनी दुखणे वाढते. चहातून गुपचूप द्यायच्या पुड्यांच्याही मागे लागू नये. आधी मानसोपचार डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येकाला दाखल करावे लागतेच असे नाही. पुष्कळांचे घरी राहून, शाळा न सोडता भागते.

दाखल करायचेच झाले तर नोंदणी विचारा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे अठराखालच्या मुलाला मोठ्यांपासून वेगळे ठेवायचे असते, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेले माणूस पूर्णवेळ सोबत राहायचे असते. ‘पोरगा ठेवा आणि जा’ म्हणणाऱ्या दारातून पोराला घेऊन माघारी फिरा.

घरी आल्यावर खोडव्यासारखी निगा हवी. पुन्हा घसरला तर हात न उगारता पुन्हा डॉक्टर गाठावा. सल्ल्यासाठी सरकारी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा फोन दिवसरात्र फुकट आहे.