पंपाचा हिशेब आणि विहिरीचं पाणी

जून २०२५ मध्ये रतलामजवळ मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्याबरोबर बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी होतं. पावसाचं पाणी टाकीत झिरपल्याचं कारण पुढे आलं आणि पंपाला सील लागलं. पण ज्या वाटेनं पाणी आत येतं त्या वाटेनं इंधन बाहेर जाणार नाही कशावरून, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या बोरगावसारख्या गावानं तो विचारायला हवा. इथे औद्योगिक वसाहत आहे, ट्रकांची वर्दळ आहे आणि आजूबाजूला विहिरी-बोअरच्या पाण्यावर जगणारे संत्र्याचे बगीचे आहेत. पावसाळ्यानंतर भूजल वर येतं, मे महिन्यापर्यंत खोल जातं. टाकीच्या तळाशी छिद्र असेल, तर पातळी वर असताना त्यातून पाणी आत शिरू शकतं आणि पातळी उतरल्यावर त्याच छिद्रातून पेट्रोल बाहेर पडू शकतं. इथल्या कुठल्याही पंपावर हा आरोप नाही. आरोप करायला किंवा फेटाळायला लागणारी तपासणीच आपण करत नाही, एवढंच म्हणणं आहे.

यावर पंपवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: रोज सकाळी डिप घेतो (टाकीत काठी बुडवून साठा मोजतो), विक्रीशी ताळा लावतो, गळती असती तर दिसली असती. मोठी गळती दिसेलही. पण ५ लिटरच्या मापात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याला चालतो. म्हणजे दिवसाला ५,००० लिटर विकणाऱ्या पंपाच्या हिशेबात एकट्या मशीनमुळे २५ लिटर इकडेतिकडे होऊ शकतात. त्यात २०,००० लिटर पेट्रोलचं तापमान पाच अंशांनी बदललं, तर आकारमानात शंभरेक लिटरांचा फरक पडतो. हे रोजच्या हिशेबाचं रजिस्टर चोरी आणि भेसळ पकडायला ठीक आहे. रोज लिटर-दोन लिटर झिरपणारा सांधा त्याला दिसत नाही. नव्या पंपांवर टाकीत आपोआप मोजणारी यंत्रं असतात, दुहेरी भिंतीच्या टाक्याही येऊ लागल्या आहेत, आणि हे चांगलंच आहे. पण यंत्रालाही मोजण्याची मर्यादा असते, आणि गळती पाइपांच्या जोडात किंवा टँकर खाली करताना सांडण्यातही होते.

लिटर-दोन लिटरांचा एवढा बाऊ कशाला? भारत स्टेज ६ च्या पेट्रोलमध्ये बेंझीन १ टक्क्यापर्यंत चालतं. म्हणजे एका लिटरमध्ये जास्तीत जास्त नऊएक ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ते सगळं बेंझीन पाण्यात उतरलं असं धरलं, तर लिटरभर पेट्रोल आठ लाखांहून जास्त लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. बेंझीन कर्करोगकारक आहे, आणि पाण्याला त्याचा वास येऊ लागतो तोवर ही मर्यादा शेकडो पटींनी ओलांडलेली असते. त्यामुळे ‘वास आला की सांगा’ ही व्यवस्था मुळातच उशिराची. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात इंधनाच्या पाइपलाइनची गळती रहिवाशांना कळली ती बोअरच्या पाण्यातूनच.

खरा आक्षेप शास्त्राचा आहे, आणि तो वजनदार आहे. जमिनीतले जिवाणू बेंझीन खातात. कॅलिफोर्नियातल्या गळत्यांचा १९९५ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा बहुतेक ठिकाणी दूषित पट्टा ७५ मीटरांच्या आतच थांबलेला आढळला. पण आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या नियमांत नव्या पंपासाठी शाळा, दवाखाने आणि वस्तीपासूनचं अंतर साधारण ५० मीटर आहे. शिवाय कॅलिफोर्नियाचे ते निष्कर्ष मुख्यतः गाळाच्या जमिनीचे. बोरगावच्या सौंसर भागात मुरमाखाली कुठे बेसाल्ट, कुठे सौंसर गटाचे जुने खडक. इथे पाणी भेगांतून पळतं, आणि बगीच्याचा बोअर तासन् तास चालला की ते आपल्याकडे ओढतो. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचाही विचार करावा लागतो: जिवाणू आधी इथेनॉल फस्त करतात, त्यात प्राणवायू संपतो आणि बेंझीन जास्त लांब जातं.

म्हणून पंपाच्या हद्दीत किमान तीन निरीक्षण विहिरी हव्यात, त्याही एका रेषेत नकोत. तीन बिंदूंवरून पाण्याचा उतार काढता येतो. त्यांच्या नळीचा जाळीदार भाग भूजलाच्या पातळीच्या खाली-वर दोन्हीकडे हवी, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं. भेगांच्या खडकात तीन विहिरी चुकू शकतात, हे मान्य. तिथे टाकीच्या खड्ड्यातली वाफ तपासावी आणि उताराकडचे बगीच्यांचे बोअरही यादीत घ्यावेत. ‘डीलरला परवडेल का?’ असं विचारलं जातं. पण सरकारी तेल कंपन्यांच्या बहुतेक पंपांवर टाक्या आणि मशीन कंपनीच्याच मालकीच्या असतात. मग खर्चही कंपनीचाच. केंद्रीय भूजल मंडळ विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतं, पण त्याच्या नेहमीच्या तपासणीचा भर नायट्रेट, फ्लोराइड यांवर असतो. संत्र्याच्या पट्ट्यात नायट्रेटची काळजी रास्तच आहे, मात्र त्या चाचणीत बेंझीन दिसत नाही. नमुना घेण्याची रीतही वेगळी: ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. प्लास्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीतून बेंझीन वाटेतच उडून जातं आणि अहवाल ‘निर्दोष’ येतो. पहिला नमुना नवी टाकी पुरण्याआधीचा हवा, नाहीतर पुढे काही सापडलं तर ते आधीचं की आताचं यावरच कंपनी आणि शेतकरी कोर्टात भांडत बसतील.