जड धातूचे वायुरूप

युरेनियम हा धातू इतका जड आणि चिवट की, तो वितळविण्यास अकराशे अंशांहून अधिक उष्णता लागते. परंतु त्याच्या एका अणूभोवती फ्लोरिनचे सहा अणू चारी दिशांना आणि वर-खाली असे समतोल जडले, म्हणजे जे शुभ्र स्फटिक सिद्ध होतात, ते अवघ्या ५६.५ अंश सेल्सिअसला, द्रवावस्थेला स्पर्शही न करता, वायुरूप धारण करतात. हेच युरेनियम हेक्साफ्लोराइड. बाहेरच्या फ्लोरिन-कवचामुळे त्याच्या रेणूंना परस्परांविषयी आकर्षण असे फारसे उरत नाही, म्हणून हे सुलभ बाष्पीभवन.

या गुणाचे महत्त्व मोठे आहे. नैसर्गिक युरेनियमच्या दर हजार अणूंत जेमतेम सात अणू २३५ भाराचे, म्हणजे सहज विखंडन पावणारे, आणि बाकी जवळजवळ सारे २३८ भाराचे असतात. उभयतांचे रासायनिक वर्तन एकच असल्यामुळे त्यांची वाटणी केवळ वजनाच्या आधारे करावी लागते. येथे फ्लोरिनचा उपकार असा की, निसर्गात तो १९ या एकाच भाराचा आढळतो; तेव्हा ३४९ आणि ३५२ भारांच्या रेणूंतील अंतर निखालस युरेनियमचेच असते. क्लोरिनसारखे दोन भारांचे मूलद्रव्य असते, तर हा हिशेब पार विस्कटला असता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील ओक रिज येथे के-२५ नावाच्या प्रचंड कारखान्यात हा वायू अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून लोटण्यात आला. हलक्या रेणूचा वेग हजारात सुमारे चार भागांनीच अधिक. त्यामुळे चाळणीमागून चाळणी लावावी, तसे हजारो टप्पे योजावे लागले. त्यातच हवेतील बाष्पाचा संपर्क होताच हा वायू पांढरा धूर सोडतो आणि त्यातून दाहक हायड्रोजन फ्लोराइड निर्माण होते, म्हणून नळ्यांना आतून निकेलचा मुलामा देऊन सारा बंदोबस्त हवाबंद ठेवणे प्राप्त झाले. आज हेच काम वेगाने फिरणारी अपकेंद्री यंत्रे पुष्कळ कमी विजेत करतात.

आपल्या तारापूरच्या, १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही समृद्ध, म्हणजे २३५ भाराच्या अणूंचे प्रमाण वाढविलेल्या, युरेनियमवर चालण्यासाठीच बांधलेल्या आहेत. अणुशक्तीच्या श्रेयाची वाटणी करताना एकट्या युरेनियमचे नाव घेण्याचा आपला प्रघात आहे. परंतु त्या श्रेयावर फ्लोरिनचाही न्याय्य हक्क आहे, आणि तो आपण कबूल केला पाहिजे.