रस की रसाभास? समलिंगी प्रेमाच्या आशियाई मालिका आणि आपण

विषय ऐकून पुढच्या रांगेतले दोघं-तिघं गालातल्या गालात हसताहेत, ते मला इथून दिसतंय. हसा, हरकत नाही. आजचं व्याख्यान त्या हसण्याबद्दलच आहे.

आधी कबुली देते. दीड वर्षापूर्वी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. घर इथंच, बुधवार पेठेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन महिने खाली उतरणं बंद. भाचीनं तपकीर गल्लीतून एक केबल आणली, आपला लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला आणि म्हणाली, "मावशी, कांट पुरे झाला, आता हे बघ." 'हे' म्हणजे थायलंड, जपान, कोरिया, तैवान इथल्या मालिका. त्यातल्या बऱ्याच दोन तरुणांच्या प्रेमाच्या. या प्रकाराला 'बॉईज लव्ह' म्हणतात. पोरी नुसतं 'बीएल' म्हणतात. पहिल्या दिवशी मी भाचीच्या आग्रहाखातर पाहिलं. चौथ्या दिवशी तीच मला म्हणाली, "मावशी, झोप आता."

या प्रकाराचं मूळ जपानी चित्रकथांत आहे. १९७० च्या दशकात काही तरुण लेखिकांनी मुलींच्या मासिकांतून दोन मुलांच्या प्रेमाच्या कथा काढायला सुरुवात केली. केइको ताकेमिया यांची 'काझे तो की नो उता' ही गाजलेली कथा १९७६ पासून क्रमशः आली. म्हणजे लिहिणाऱ्या बायका, वाचणाऱ्याही बायका, आणि प्रेम मात्र दोन पुरुषांचं. थायलंडमध्ये २०१४ च्या 'लव्ह सिक' या मालिकेनंतर हा प्रवाह जोरात वाहू लागला आणि २०२० च्या टाळेबंदीत 'टूगेदर'सारख्या मालिका देशोदेशी पोचल्या.

बायकांना हे का आवडावं? मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "यात कुणी मुलीला स्वयंपाक येतो का, असं विचारत नाही." मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या प्रेमकथेत मुलगी प्रेमात पडली की तिच्यामागे सासर, मंगळसूत्र, नोकरी सोडणं हे सगळं येऊन उभं राहतं. दोन पुरुषांच्या कथेत ती ओझी नसतात. तिथं बाई निर्धास्तपणे प्रेम पाहू शकते.

पण इथंच माझा पहिला आक्षेपही आहे. बायकांच्या निर्धास्तपणासाठी रचलेले हे पुरुष प्रत्यक्षातले समलिंगी पुरुष असतीलच असं नाही. कित्येक मालिकांत नायक म्हणतो, "मी तसा नाही, मला फक्त तू आवडतोस." हे वाक्य वरवर गोड आहे, पण 'तसा' असणं कमीपणाचं आहे, हेच ते हळूच सांगून जातं. जुन्या मालिकांत जबरदस्तीला प्रेम म्हटलेलं आहे. दोघांच्या मध्ये आलेली मुलगी बहुतेक वेळा दुष्ट असते. आणि मालिका संपल्यावरही त्या दोन नटांना जोडी म्हणून जाहिरातींत, कार्यक्रमांत मिरवलं जातं. हे सारं मला खटकतं.

मग आवडलं काय? 'व्हॉट डिड यू ईट येस्टरडे?' ही २०१९ ची जपानी मालिका. एक वकील, एक केशकर्तनकार, दोघंही चाळिशीच्या पुढचे, एकत्र राहणारे. वकील ऑफिसात काही बोलत नाही. संध्याकाळी दुकानात जाऊन स्वस्तात काय मिळतंय ते बघतो, घरी येऊन रांधतो, दोघं जेवतात. एवढंच. ते बघताना मला मंडईतून पिशवी घेऊन येणारे माझे यजमान आठवायचे. प्रेम म्हणजे 'जेवलास का?' हा प्रश्न रोज विचारणं, हे त्या मालिकेला कळलंय.

दुसरं उदाहरण चीनचं. 'द अनटेम्ड', २०१९, पन्नास भाग. मूळ कादंबरीत दोन नायकांचं उघड प्रेम आहे. तिथल्या नियमांमुळे मालिकेत ते 'मैत्री' झालं. एक शब्द बोलायची सोय नाही. मग काय उरलं? एक कटाक्ष, एक बासरी, एक विराम. आनंदवर्धन ज्याला ध्वनी म्हणतात तो हाच. शब्दाचा अर्थ मैत्री, प्रतीत होणारा अर्थ प्रेम. कलेला यातून लाभ झाला असेल, पण माणसांना आयुष्यभर व्यंग्यार्थातच जगायला लावणं हा काही अलंकार नव्हे.

आता त्या हसण्याकडे येते. आपल्या शास्त्रात 'रसाभास' अशी एक संकल्पना आहे. अनुचित ठिकाणी रती दाखवली की तो शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास. रावणाची सीतेवरची आसक्ती हे त्याचं ठरलेलं उदाहरण. आणि शृंगाराचं अनुकरण म्हणजे हास्य, असं भरतमुनी सांगतात. अभिनवगुप्त तोच धागा रसाभासापर्यंत नेतात. म्हणजे जे प्रेम आपण अनुचित ठरवतो त्याचं आपल्याला हसू येतं. आपल्या विनोदी कार्यक्रमांत पुरुषानं पुरुषाकडे जरा लाजून पाहिलं की हशा ठरलेला. गंभीर व्हायचं ठरवलं की शोकांतिका. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ चं. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी रंगभूमीच्या मध्यभागी उभी करणं हे मोठं धाडस होतं. तिची गोष्ट सांगतो मात्र तिच्यावर प्रेम करणारा बापू, आणि शेवटी ती आत्महत्या करते. हसू किंवा मरण, मधलं साधं जगणं नाही.

१९८८-८९ च्या सुमारास मी एम.ए.च्या वर्गाला हाच रसाभास शिकवत होते. एका मुलानं उभं राहून विचारलं, "मॅडम, दोन पुरुषांमधलं प्रेम शृंगारात बसेल का?" मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "रसाभासात बसेल." वर्ग हसला. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या बाकावर बसू लागला. वर्षभरात त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. परीक्षा दिली, गेला.

मी दिलेलं उत्तर शास्त्राला धरून होतं, पण अर्धं होतं. जगन्नाथ पंडित रसगंगाधरात रसाभासाची चर्चा करताना एक मत नोंदवतात: अनौचित्य कशात आहे हे लोकव्यवहारावरून जाणायचं असतं. म्हणजे औचित्य आकाशातून पडत नाही. लोक ज्याला अयोग्य म्हणतात ते अनुचित. आणि लोक म्हणजे कोण? तो वर्ग. मी. आता इथं बसलेले आपण सगळे. लोकांची नजर बदलली की कालचा आभास आज रस होऊ शकतो, आणि ती वाट शास्त्रानंच मोकळी ठेवलेली आहे. एवढं त्या मुलाला सांगायचं राहिलं.

आणि हे दूरच्या देशांचं नाही बरं. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट ही संस्था सुरू केली. तिचं कार्यालय बरीच वर्षं आपल्याच बुधवार पेठेत होतं. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. मी तिथून असंख्य वेळा गेले असेन, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला. वर कुणी तरी कुणाचं तरी ऐकून घेत बसलेलं असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. ती मी वाचली होती, भाषेचं कौतुकही केलं होतं, आणि मिटून ठेवली होती.

आता मराठीतही तो मधला रस्ता दिसू लागलाय. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या. सुतक आहे, भाऊबंद आहेत, 'लग्न कधी करतोस' आहे. कुणी खदखदून हसत नाही. आई सगळं जाणून आहे, आणि मुलाच्या बाजूची आहे.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ ला विवाहाचा हक्क द्यायला मात्र नकार दिला. तैवानमध्ये मे २०१९ पासून असे विवाह होतात, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून. मालिकांमुळे कायदे झाले, असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. आणि मालिका पाहून आपण सहृदय झालो, असंही समजू नये. पडद्यावरच्या देखण्या परक्या मुलांसाठी डोळे पुसणं सोपं असतं. आपल्या जिन्यात राहणाऱ्या मुलाला, दोघं मिळून भाड्यानं खोली मागायला आला तर, काय उत्तर देतो, तिथं आपली रसिकता कळते.

माझं बोलणं इथं थांबवते. प्रश्न असतील तर घेऊ या. मागच्या रांगेपासून सुरुवात करते.