गर्दी म्हणजेही पाणीच

चितेगावात आमची बोअरची गाडी आहे. भोकातून वर उडणारा चुरा मुठीत घ्यायचा आणि खाली काय आहे ते शेतकऱ्याला सांगायचं, हा माझा धंदा. राखाडी-काळी कोरडी भुकटी आली की काळा पाषाण. डिझेल जळत राहतं, पाण्याचं नाव नाही. चुऱ्यात पांढरे कण चमकले की मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक. मध्येच विटकरी, चिकट माती आली की गेरू. हा थर ओला झाला की फुगतो आणि ढासळतो, म्हणून तिथे केसिंगची काळजी. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो ती विद्या वेगळी, तिच्याबद्दल मी बोलत नाही.

वेरूळला गेलो की मूर्तींआधी माझं लक्ष भिंतीकडे जातं. आम्ही सहा इंची भोकात जे चाचपडतो, ते तिथे उभं कापून ठेवलंय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा आला, थंड झाला, पुन्हा आला. दोन लोटांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या लोटाचा माथा झिजून त्याची माती झाली आणि वरच्या लोटाने ती भाजून काढली. तोच हा गेरू. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास लेणं याच खडकात वरून खाली कोरत आणलं. मागची कड शंभर फुटांच्या आसपास उंच आहे. एवढी खोल विहीर खणायची म्हटली तरी आजचा माणूस आधी बँकेत जातो.

‘अखंड पाषाणात कोरलेलं’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. खडक एकच, हे खरं. पण त्यात भेगा आहेत, सांधे आहेत, आणि डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस त्यांतूनच खाली उतरतो. शेतात याच भेगेत पाणी लागलं तर आम्हाला पेढे मिळतात. लेण्याच्या छतात तीच भेग पाझरली की दगड सुटायला लागतो. गौताळ्याच्या जंगलातल्या पितळखोऱ्यात जाऊन बघा. खडक कच्चा, कितीतरी भाग ढासळून गेलाय. कोरणाऱ्यांना पाण्याची ताकद ठाऊक होती, हेही तिथेच दिसतं. त्यांनी खडकाच्या आतून पाण्याची वाट काढून ती दाराजवळ कोरलेल्या नागाच्या फण्यांपर्यंत आणली आहे. मला त्या डोंगरातली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

वरून येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त पुरातत्त्व खातं करतं. दारातून आत येणारं पाणी मात्र आपण घेऊन जातो. स्वस्थ बसलेला माणूसदेखील श्वास आणि घाम मिळून तासाला 40-50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत एका वेळी 40 जणांना, पंधरा मिनिटांसाठी सोडायचा नियम आहे. हिशेब मांडा: एका तुकडीमागे जवळजवळ अर्धा लिटर. अशा तुकड्या दिवसभर. आणि अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर नाहीत. खाली माती, भाताचं तूस आणि गवत यांचा गिलावा आहे, त्यावर पातळ पांढरा थर, त्यावर रंग. म्हणजे आपल्या जुन्या मातीच्या घराची भिंतच. ती ओल धरते, वाळते, पुन्हा ओल धरते आणि एक दिवस खडकापासून सुटते. 1920च्या सुमारास निजामाने इटलीहून कारागीर आणून ही चित्रं सांभाळायचा प्रयत्न केला. त्यांनी लावलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं. थोडक्यात, एकदा बिघडलं की दुरुस्तीही सोपी नसते.

फ्रान्समधली लास्को गुहा याच कारणाने बंद झाली. 1948 मध्ये लोकांसाठी उघडली, रोज हजारावर माणसं जाऊ लागली, श्वासाने भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं आणि 1963 मध्ये दार लावलं. 1983 पासून लोक तिथे प्रतिकृती पाहतात. आपल्याकडेही 2013 मध्ये अजिंठ्याच्या पायथ्याशी लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती उभ्या राहिल्या. पुढे पाण्याची आणि विजेची बिलं थकली आणि ते केंद्र बंद पडलं. कोट्यवधींच्या इमारतीला नळाच्या बिलाने कुलूप लागावं, यावर पाण्याच्या धंद्यातल्या माणसाने काय बोलावं!

अजिंठ्याला जाताना फर्दापूर फाट्यावर आपली गाडी ठेवून चार किलोमीटर बसने जायचं म्हटलं की लोक कुरकुरतात. मला तो नियम आवडतो. धूर आणि गर्दी तेवढी लांब थांबते. पंधरा मिनिटं झाली की बाहेर या, पहारेकऱ्याशी हुज्जत नको. फ्लॅश नको. वेरूळच्या मूर्तींवर हात फिरवू नका. घामाने आणि तेलाने काळे, गुळगुळीत झालेले भाग बघितले की कारण कळतं. फेरीवाल्यांकडचे स्फटिक खाणींतून आणि विहिरींतून निघालेले असतात, ते घ्यायचे तर घ्या, पण भिंतीतला पांढरा खडा नखाने उकरू नका. संरक्षित वास्तूच्या नुकसानीला कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

पावसाळ्यात धबधब्यासाठी वेरूळला अख्खा जिल्हा लोटतो. या, भिजा. फक्त ओल्या कपड्यांनी रंग उरलेल्या लेण्यांत शिरू नका. अजिंठ्याची चित्रं कोरड्या दिवसांत, मधल्या वारी, सकाळी बघावीत. सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ. आणि दोन्हीकडे फार गर्दी दिसली तर बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. खडक तोच, आणि तिथे सहसा रांग नसते.